तीन जुने शब्द : स्मृति, करुणा, उपेक्षा

गेल्या मार्गशीर्षांत वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थ्यांस बरोबर घेऊन आम्ही पसरणीचा घाट उतरून वाईस गेलों होतों. कृष्णेचे घाट व ढोल्या गणपति पाहून झाल्यावर वाईच्या उत्तरेस सुमारें चार मैलांवर, लोहारे गांवाजवळ, जीं जुनीं बौद्ध लेणीं आहेत तीं मुलांस दाखवावीं असा बेत होता. कार्ल्याच्या किंवा वेरूळच्या लेण्यांची कीर्ति ह्या लेण्यांच्या वांट्यास आलेली नाहीं, व ती येईल असेंही वाटत नाहीं. नजर खिळून राहावी असें शिल्प तेथें नाहीं. मुख्य लेण्यांत जेथें एके काळीं भिक्षूंचा स्तूप होता तेथें आज पालपेश्वर या नांवानें महादेवाची पूजा होते. बाकी सर्व साधें, ओबडधोबड आणि थंडगार. आमच्यांतील एक मुलगा एका अंधाऱ्या खोलींत शिरून मांडी घालून बसला, आणि थोड्या वेळानें बाहेर येऊन विचारता झाला, "सर, हे लोक इथें दिवसभर करीत तरी काय असत?"

"ध्यान करीत," असें आम्हीं सांगितलें. त्यावर त्यानें लागलीच विचारलें, "पण ध्यान म्हणजे डोळे मिटून नेमकें काय करायचें?" ह्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर तेथल्या तेथें आम्हांस नीट देतां आलें नाहीं. वाटेंत आम्ही इतर गोष्टी बोललों, पण प्रश्न आमच्याबरोबर घाट चढून वर आला. पुढील पृष्ठें हें त्या मुलास दिलेलें उशिराचें उत्तर आहे, असें वाचकांनीं समजावें.

प्रथम लेण्यांविषयीं दोन शब्द. बुद्धाचे भिक्षु वर्षांतील बहुतेक काळ फिरते असत. एका जागीं घर करून राहाणें त्यांस मना होतें. मात्र पावसाळ्याचे तीन महिने त्यांनीं फिरूं नये, कारण ओल्या रानांतून चालतांना कोंवळीं रोपें व बारीक जीवजंतु पायांखालीं चिरडले जातात, असा नियम होता. ह्या मुक्कामास 'वर्षावास' म्हणत. आमच्या पांचगणीस आषाढ-श्रावणांत जी झड लागते ती ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस ह्या लोकांनीं डोंगराच्या पोटांत आसरा कां शोधला हें वेगळें सांगावयास नको. आपल्या सातारा जिल्ह्यांत लोहाऱ्याखेरीज शिरवळ येथें, तसेंच कऱ्हाडजवळ आगाशिवाच्या डोंगरांत जखिणवाडीच्या बाजूस, अशींच साधीं लेणीं आहेत. कऱ्हाडच्या लेण्यांची संख्या तर साठांच्यावर भरते. तेव्हां आपण ज्या मुलुखांत राहातों, त्यांत शेंकडों भिक्षूंनीं शेंकडों पावसाळे डोळे मिटून काढले आहेत. त्यांनीं मनाचें काय केलें, ही चवकशी आपणांस परकी वाटण्याचें कारण नाहीं.

मराठी वाचकांकरितां ही चवकशी प्रथम ज्यांनीं मन लावून केली ते आचार्य धर्मानंद कोसंबी. त्यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजीं गोव्यांतील सांखवाळ येथें झाला. प्रकृति नाजूक, शाळेचें शिक्षण अगदीं बेताचें, आणि तारुण्याचीं पहिलीं वर्षें घरच्या नारळीच्या बागेची व्यवस्था पाहाण्यांत गेलेलीं. अशा स्थितींत 'बालबोध' मासिकांत आलेला बुद्धचरित्रावरील लेख त्यांच्या वाचनांत आला, आणि ह्या माणसाचा मार्ग मुळापासून समजून घ्यावयाचाच असा त्यांनीं निश्चय केला. १८९९ सालीं ते घराबाहेर पडले. पुणें, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बुद्धगया असा प्रवास करीत, पुष्कळदां उपाशीपोटीं, ते १९०२ सालीं सिंहलद्वीपास पोंचले व कोलंबोच्या विद्योदय विद्यालयांत सुमंगलाचार्यांपाशीं पाली शिकले. तेथून ब्रह्मदेशास गेले. पुढें अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठानें त्यांस ग्रंथसंपादनास बोलाविलें, आणि १९१२ ते १९१८ पर्यंत पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत त्यांनीं पाली शिकविली. ४ जून १९४७ रोजीं सेवाग्राम येथें त्यांचा अंत झाला. मुलांकरितां निघणाऱ्या मासिकांतील एका लेखानें एवढें घडविलें, ही गोष्ट शाळेच्या वार्षिकांत लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांस धीर देणारी आहे, आणि थोडी भीति घालणारीही आहे.

बुद्धघोषाचार्यांनीं इसवी सनाच्या पांचव्या शतकांत सिंहलद्वीपांत 'विसुद्धिमग्ग' नांवाचा जो थोर ग्रंथ रचिला, त्यांत ध्यानाची सर्व रीत क्रमवार सांगितली आहे. कोसंबींनीं तो ग्रंथ देवनागरींत संपादून १९४० सालीं प्रसिद्ध केला, आणि त्यांतील ध्यानाचा भाग आपल्या 'समाधिमार्ग' ह्या पुस्तकांत सोप्या मराठींत उतरविला. पुढें जे दाखले आम्ही देणार आहों, त्यांतील बरेचसे बुद्धघोषांचे आहेत.

आतां अडचण कोठें येते तें पाहूं. ह्या विद्येंतील मुख्य शब्द आपल्या भाषेंत पूर्वींपासून आहेत. परंतु ते इतके घांसले गेले आहेत कीं त्यांवरील मूळचा छाप ओळखूं येत नाहीं. 'सति' ह्या पाली शब्दाचें संस्कृत रूप 'स्मृति'. स्मृति म्हटली कीं आमच्या विद्यार्थ्यांस पाठांतर आठवतें, व पालकांस गुणपत्रक. भिक्षूंच्या मतें मात्र सति म्हणजे मागची आठवण नव्हे. जें आतां, ह्या क्षणीं, शरीरांत व मनांत चाललें आहे त्याचें भान सुटूं न देणें म्हणजे सति. खेड्यांतील म्हातारी नातवास घाटांतल्या पायवाटेवर 'भानावर राहून चाल' असें सांगते, तेव्हां तिच्या मनांतील अर्थ पाली पंडितांच्या अर्थाच्या फार जवळ असतो.

हें भान आणावयाचें कसें? बुद्धाच्या परंपरेंत त्याकरितां श्वासाचा आधार घेतात. पाठ ताठ ठेवून स्वस्थ बसावें. नाकपुड्यांपाशीं वारा आंत जातो व बाहेर येतो तेवढ्यावर लक्ष ठेवावें. श्वास मुद्दाम लांबवूं नये, कोंडूं नये. कातारी जसा लाकूड कांततांना लांब फेरा घेतला तर लांब घेतला हें जाणतो, आंखूड घेतला तर आंखूड घेतला हें जाणतो, तसें नुसतें जाणत राहावें. मन ठरत नसेल तर श्वास मोजावे. परंतु पांचांच्या आंत थांबूं नये आणि दहांच्या पुढें जाऊं नये. ह्या नियमाचें कारण मोठें मार्मिक आहे. पांचांहून थोडे मोजले तर अरुंद गोठ्यांत कोंडलेल्या गुरांसारखी मनाची तडफड होते. आणि दहांपुढें गेलें कीं मन श्वास सोडून आंकड्यांच्या मागें लागतें. प्रथम धान्य मापणाऱ्यासारखें सावकाश मोजावें, (आमच्याकडील माप घालणारा 'एक' न म्हणतां 'लाभ' म्हणतो, एवढाच फरक), आणि संवय झाल्यावर गुराखी जसा वाड्याच्या तोंडाशीं उभा राहून बाहेर पडणाऱ्या गाई भराभर मोजतो तसें मोजावें.

दोन मिनिटांत मन पळून जातें, ही तक्रार प्रत्येकाची असते. बुद्धघोष म्हणतात, रानटी गाईच्या दुधावर वाढलेलें वासरूं खांबाला बांधलें तर तें हिसके देणारच. कांहीं वेळ इकडे तिकडे उड्या मारील, आणि दोर तुटत नाहीं असें पाहून अखेर त्याच खांबाशीं अंग टाकील. येथें श्वास हा खांब आणि स्मृति हा दोर. वासरास मारावयाचें नाहीं, व दोरही सोडावयाचा नाहीं. त्यांनीं दुसरा दाखला वेशीवरील द्वारपालाचा दिला आहे. गांवांत कोण आहे, गांवाबाहेर कोण हिंडतो आहे, ह्याची तो उठाठेव करीत नाहीं. वेशीशीं जो आला त्यास तेवढें पाहातो. आमच्या शाळेच्या फाटकावरील रखवालदारही, सुदैवानें, असाच वागतो.

इतकें ऐकून कोणी म्हणेल, ही तर एकाग्रतेची कसरत झाली. ती चोरासही साधेल. शंका बरोबर आहे, आणि तिचें उत्तर बुद्धानें आपल्या मुलास जो उपदेश केला त्यांत सांपडतें. राहुल लहानपणींच संघांत आला. ही गोष्ट घडली तेव्हां तो अठरा वर्षांचा होता, असें परंपरा सांगते. एके सकाळीं श्रावस्तींत भिक्षेस निघालेल्या पित्याच्या मागून तो चालत होता. चालतां चालतां पित्याचें रूप पाहून त्याच्या मनांत आपल्याही रूपाविषयीं अभिमानाची लहर आली. बुद्धानें मागें वळून त्यास दोन शब्द सुनावले. मुलगा मानी होता. बोल लागल्यावर तो भिक्षेस गेलाच नाहीं, तसाच परत फिरून एका झाडाखालीं बसून राहिला. तेथें सारिपुत्तानें त्यास श्वासावरील ध्यान करावयास सांगितलें. तेव्हां सायंकाळीं राहुल पित्याकडे गेला आणि तें ध्यान कसें करावें असें त्यानें विचारलें.

आतां मौज अशी कीं, प्रश्न श्वासाचा होता, परंतु बुद्धानें श्वासाची गोष्ट अगदीं शेवटीं सांगितली. आधीं त्यानें जमिनीकडे बोट दाखविलें. जमिनीवर लोक फुलेंही टाकतात व घाणही टाकतात. ती फुलांनीं हरखत नाहीं, घाणीनें किळसत नाहीं. तुझें मन तसें होऊं दे, असा त्या उपदेशाचा आशय आहे. मग पाणी, अग्नि, वायु, आकाश ह्यांचे असेच दाखले दिले. त्यानंतर मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा ह्या चार भावना वाढविण्यास सांगितलें. एवढें झाल्यावर मग श्वास. आम्हांस असें वाटतें कीं हा क्रम सहज आलेला नाहीं. दुखावलेल्या, मानी मुलास आधीं एकाग्रता दिली असती तर त्यानें ती आपला राग घोटीत बसण्यास वापरली असती. वसतिगृहांत राहणाऱ्या विद्यार्थ्यांस ही गोष्ट समजण्यास कठीण जाऊं नये. दिवे मालवल्यावर अंथरुणांत पडून दुपारचा अपमान आठवणारा मुलगा जितका एकाग्र असतो, तितका तो भूमितीच्या तासास कधीं नसतो!

वरील चार भावना आपल्याकडील वाचकांस पातंजल योगसूत्रांतूनही ठाऊक आहेत. त्यांपैकीं मुदिता, म्हणजे दुसऱ्याच्या सुखानें सुखी होणें, हिच्याविषयीं येथें विस्तार करीत नाहीं. बक्षीससमारंभाच्या दिवशीं ती कोणास किती साधते हें ज्याचें त्यानें पाहावें. चौघींचा परस्परसंबंध बुद्धघोषांनीं एका आईच्या उदाहरणानें सांगितला आहे, तो मात्र पालकांकरितां मुद्दाम देतों. एका आईला चार मुलगे आहेत. एक तान्हा, एक आजारी, एक ऐन तारुण्याच्या भरांत, आणि एक आपल्या कामधंद्यांत गुंतलेला. तान्हा वाढावा असें तिला वाटतें, ती मैत्री. आजाऱ्याचें दुखणें हटावें असें वाटतें, ती करुणा. तरुणाचें तारुण्य टिकावें असें वाटतें, ती मुदिता. आणि जो आपल्या पायांवर उभा राहून आपलें काम नीट करीत आहे, त्याच्याविषयीं ती घाबरी होत नाहीं, त्याच्या कामांत हात घालीत नाहीं; ती उपेक्षा. ह्या चौथ्या मुलावर आईचें प्रेम कमी आहे असें कोण म्हणेल? जून महिन्यांत मुलास फाटकाशीं सोडून मोटारींत बसणारी आई मागें वळून पाहाते, आणि तरीही मोटार चालूं लागते. तिला त्या क्षणीं काय करावें लागतें, हें शब्दकोशापेक्षां तिला स्वतःलाच अधिक ठाऊक असतें.

करुणेची परीक्षा मात्र आईच्या उदाहरणानें होत नाहीं, कारण आपल्या मुलाविषयीं करुणा कोणासही वाटते. म्हणून त्याच ग्रंथांत एक कठोर प्रश्न घातला आहे. तुम्ही, तुमचा जिवलग, एक ओळखीचा पण आपला ना परका असा मनुष्य, आणि तुमचा वैरी, असे चौघे एकत्र बसलां आहां. इतक्यांत दरोडेखोर येतात, आणि बळी देण्याकरितां चौघांतील एक आमच्या स्वाधीन करा असें म्हणतात. कोणास द्याल? वैऱ्यास, हें उत्तर चुकलेंच. पण 'मला न्या' हेंही उत्तर बुद्धघोष चूक ठरवितात! आमचे विद्यार्थी येथें नेहमीं चकित होतात, कारण कथाकादंबऱ्यांतील नायक हेंच उत्तर देतो. त्यांचें म्हणणें असें कीं, चौघांपैकीं एकही दरोडेखोरांच्या हातीं देण्याजोगा आहे असें ज्याला दिसतच नाहीं, त्याच्याच मनांतील कुंपणें मोडलीं. स्वतःस वजा करणारी करुणाही अपुरीच. ध्यानाची सुरुवात त्यांनीं आपल्यापासूनच करावयास सांगितली आहे ती ह्यासाठींच: मला सुख हवें, दुःख नको, तसेंच तें दुसऱ्यास, ही साक्ष प्रथम स्वतःच्या मनांतून काढावयाची.

प्रत्येक भावनेला एक दूरचा शत्रु असतो व एक जवळचा, हा आणखी एक सूक्ष्म विचार तेथें आढळतो. दूरचा शत्रु उघड विरोधी असतो. करुणेचा दूरचा शत्रु क्रूरता. तो लगेच ओळखूं येतो. जवळचा शत्रु मात्र मित्राचा पोषाख घालून येतो. करुणेचा जवळचा शत्रु म्हणजे नुसतें दुःखी होणें. आजाऱ्याच्या खाटेपाशीं बसून जो स्वतःच इतका रडतो कीं आजाऱ्यास त्याची समजूत घालावी लागते, त्याच्या ठिकाणीं करुणा आहे असें आपण म्हणतों. ग्रंथकार तसें म्हणत नाहींत.

उपेक्षेचा जवळचा शत्रु कोण, हें ऐकण्यासारखें आहे. तो म्हणजे अज्ञानानें आलेली बेपर्वाई. समोर काय आहे तें न पाहिल्यामुळें आलेली शांति. आणि आपल्या मराठीनें नेमका हाच अर्थ ह्या शब्दास कायमचा चिकटवून दिला आहे. 'सरकारनें उपेक्षा केली', 'उपेक्षित वर्ग', असें आपण रोज वाचतों. मूळ धातु पाहिला तर उप आणि ईक्ष्, म्हणजे जवळ राहून पाहाणें. जो शब्द डोळे उघडे ठेवण्यास सांगत होता, तोच आपल्या तोंडीं डोळे झांकण्याचा झाला आहे. घरधन्याचें आसन त्याच्या जवळच्या शत्रूनें बळकाविलें, असेंच म्हणावयाचें. म्हणून कित्येक लेखक हल्लीं ध्यानाच्या संदर्भांत उपेक्षा हा शब्द टाळून 'समता' किंवा 'तटस्थता' लिहितात. ह्यांपैकीं समता ठीक. तटस्थता आम्हांस पसंत नाहीं. तटावर उभें राहून बुडणाऱ्यास पाहाणारा मनुष्यही तटस्थच असतो.

ह्या दोन अर्थांतील अंतर किती जीवघेणें असूं शकतें, ह्याचें उदाहरण आपल्याच जिल्ह्यांत घडलें आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजीं साताऱ्याच्या सरकारी शाळेंत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलांत, भीमराव आंबेडकर ह्या मुलाचें नांव दाखल झालें. तोच दिवस आतां महाराष्ट्रांत विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. पुढील वर्षीं, १९०१ सालीं, नऊ-दहा वर्षांचा हा मुलगा, त्याचा वडील भाऊ व बहिणीचे मुलगे असे नवे कपडे घालून आगगाडीनें मसूर स्टेशनावर उतरले. वडील खटाव तालुक्यांत गोरेगांव येथें नोकरीस होते. त्यांच्याकडे सुटीस निघाले होते. वडिलांस पत्र पोंचलें नव्हतें, म्हणून घ्यावयास कोणी आलें नाहीं. स्टेशनमास्तरानें आधीं आपुलकीनें चवकशी केली, परंतु मुलें महार जातीचीं आहेत असें कळतांच तो मागें सरला. गाडीवान दुप्पट भाड्यानेंही न्यावयास तयार होईनात. अखेर असें ठरलें कीं गाडी मुलांनीं हांकावी आणि गाडीवानानें बाजूनें पायीं चालावें. बरोबर शिदोरी होती, पण त्या रात्रीं वाटेंत त्यांस प्यावयास पाणी कोणी दिलें नाहीं, आणि शिदोरी तशीच राहिली. ही हकीकत डॉ. आंबेडकरांनीं पुढें स्वतः लिहून ठेविली आहे.

त्या संध्याकाळीं मसूरच्या फलाटावरील कोणी मुलांस मारलें नाहीं. स्टेशनमास्तरास तर गाडी जुळवून देण्याइतकी दयाही आली. बाकीचे नुसते स्वस्थ राहिले, आणि ह्या स्वस्थपणास ते कदाचित् मनाची शांति समजले असतील. जवळचा शत्रु म्हणतात तो हा. त्याच मुलानें पंचावन्न वर्षांनंतर, १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं, नागपूर येथें लाखों अनुयायांसह बौद्धधम्माची दीक्षा घेतली. आपणांस हा धम्म कां प्रिय आहे तें सांगतांना त्यांनीं प्रज्ञा, करुणा आणि समता हीं तीन नांवें घेतलीं. त्यांच्या समतेंत समाजाचा अर्थ मुख्य आहे आणि भिक्षूंच्या उपेक्षेंत मनाचा, हें आम्ही जाणतों. परंतु माणसामाणसांत उंचनीच न पाहाणारी दृष्टि दोहोंच्या मुळाशीं आहे.

कोणी विचारील कीं, आजच्या काळीं हें सर्व पुस्तकांतच राहिलें काय? तसें नाहीं. ब्रह्मदेशांत मंडाले येथें जन्मलेले सत्यनारायण गोयंका १९६९ सालीं भारतांत आले व ध्यानाचे वर्ग घेऊं लागले. इगतपुरी येथें धम्मगिरि हें त्यांचें केंद्र १९७६ सालापासून चालूं आहे. तेथें दहा दिवस मौन पाळतात, आणि पहिले तीन दिवस केवळ श्वास पाहातात. ज्यांच्यानें वर्गांत तीन मिनिटें मौन पाळवत नाहीं, अशा आमच्या कित्येक मित्रांनीं ह्या वार्तेवर विश्वास ठेवण्याचें नाकारलें आहे. त्यांस एवढेंच सुचवितों कीं सायंकाळच्या अभ्यासास बसण्यापूर्वीं दहा श्वास मोजून पाहावे. दहांच्या पुढें न जाण्याचा नियम त्यांच्या सोयीचाच आहे.

आतां खऱ्या उपेक्षेचें एक उदाहरण सांगून हा लेख पुरा करतों, आणि तेंही आपल्याच मुलुखाचें आहे. पूर्ण, पालींत पुण्ण, नांवाचा एक भिक्षु होता. बौद्ध परंपरा त्यास कोंकणपट्टींतील सोपारें बंदराचा व्यापारी मानते. व्यापाराच्या निमित्तानें तो श्रावस्तीस गेला आणि तेथें बुद्धाचा उपदेश ऐकून भिक्षु झाला. कांहीं काळानें त्यानें बुद्धाकडे आपल्या देशीं, सुनापरांतांत, परत जाण्याची परवानगी मागितली. बुद्धानें त्यास सावध केलें कीं तिकडील लोक तापट व उद्दाम आहेत. त्यांनीं शिव्या दिल्या तर तूं काय करशील? पूर्णानें सांगितलें कीं हे लोक भले आहेत, हात तरी उगारीत नाहींत, असें मी मानीन. हात उगारले तर? ढेंकळें मारीत नाहींत हें त्यांचें भलेपण. असे दगडधोंड्यांवरून काठ्यांवर, काठ्यांवरून शस्त्रांवर प्रश्न चढत गेले, आणि प्रत्येक पायरीवर पूर्णाचें उत्तर तसेंच आलें. शेवटीं त्यांनीं प्राणच घेतला तर, ह्या प्रश्नासही तो डगमगला नाहीं. तेव्हां बुद्धानें त्यास निरोप दिला.

ह्या संवादांतील पूर्णाची शांति सर्वांच्या लक्षांत राहाते. आमचें लक्ष दुसऱ्या एका गोष्टीकडे जातें. हीं सर्व उत्तरें श्रावस्तींतच बसून राहण्याकरितां नव्हतीं. तापट लोकांपासून दूर राहून शांत असणें पूर्णास सहज जमलें असतें; उलट तो शेंकडों कोस चालून त्यांच्यांतच जाऊन राहिला. त्या मन्वंतराची हकीकत थोडक्यांत एवढीच मिळते कीं, पहिल्याच वर्षावासांत तेथील सुमारें पांचशें पुरुष व पांचशें स्त्रिया उपासक झालीं, आणि त्याच वर्षावासांत पूर्णाचा अंत झाला. लोकांनीं त्यास शिव्या दिल्या किंवा नाहीं, हें ग्रंथकारानें लिहिलेलें नाहीं.

एप्रिल १८८२ मध्यें पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनीं सोपाऱ्याजवळील ज्या टेकाडास गांवकरी 'बुरूड राजाचा कोट' म्हणत तें खणून पाहिलें. आंत विटांचा स्तूप निघाला, आणि त्याच्या पोटांत एक दगडी पेटी सांपडली. पेटींत एकांत एक ठेवलेले करंडे होते, त्यांभोंवतीं बुद्धाच्या आठ लहान कांस्यमूर्ति, आणि सर्वांत आंतल्या सोन्याच्या करंड्यांत भिक्षापात्राचे समजले जाणारे बारीक तुकडे. अशोकाच्या शिलालेखाचाही एक तुकडा त्याच सोपाऱ्यास मिळालेला आहे. स्तूपाचे अवशेष आजही जागेवर आहेत. नालासोपारा स्टेशनावर उतरून पश्चिमेस गेलें कीं तेथें पोंचतां येतें. दिवाळीच्या सुटींत मुंबईकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यांनीं तेथें अवश्य जावें, आणि लोहाऱ्याच्या खोलींत बसून ज्यानें प्रश्न विचारला त्या मुलानें तर आमच्यातर्फें जावें.